बोगोताची बेत्ती जालन्याच्या बियाणं कंपनीत : स्पॅनिश मालिका आपल्या मातीत रुजवायची कशी

लातूर, परभणी, संभाजीनगरकडून मला अधूनमधून फोन येतात. पोरं हुशार असतात, कॅमेरा स्वतःचा असतो, एकांकिका केलेल्या असतात. म्हणणं बहुतेक एकच : "सर, एक स्पॅनिश सिरियल बघितली, जबरदस्त हाय. मराठीत करायचीय." मी एकच प्रश्न विचारतो. इतका छळ होतो, तर नायिका तिथून निघून का जात नाही? पलीकडं शांतता. मग उत्तर येतं, "तिचं प्रेम असतंय ना सर."

ते उत्तर पुरत नाही. या लेखात त्याच प्रश्नाचं उत्तर शोधायची रीत सांगतो. उदाहरणासाठी जगात सगळ्यात जास्त देशांनी पुन्हा बनवलेल्या मालिकांपैकी एक घेतो : कोलंबियाची 'यो सोय बेत्ती, ला फेआ', म्हणजे 'मी बेत्ती, कुरूप'. लेखक फेर्नांदो गाइतान. आर्सीएन वाहिनीवर ती ऑक्टोबर १९९९ ते मे २००१ चालली. आपल्याकडं २००३ साली तिचीच 'जस्सी जैसी कोई नहीं' झाली, अमेरिकेत २००६ साली 'अग्ली बेट्टी'. जर्मनी, रशिया, मेक्सिको, चीन, सगळ्यांनी आपापली बेत्ती केली. आपण तिला जालन्यात आणू.

स्पॅनिश मालिकांशी आपलं नातं जस्सीपेक्षा जुनं आहे. १९८४ साली दूरदर्शनवर आलेल्या 'हम लोग'चं बीज मेक्सिकोतलं. त्याआधी माहिती व नभोवाणी मंत्री असताना वसंत साठे मेक्सिकोला गेले, तिथं मिगेल साबिदोनं समाजशिक्षणासाठी बनवलेल्या मालिका त्यांनी पाहिल्या, आणि तसलं काही आपल्याकडं व्हावं असं त्यांच्या मनात आलं. म्हणजे देशातली पहिली मोठी कौटुंबिक मालिका परदेशी कलमच. लागलं आणि फळलं.

आधी कागद, मग कल्पना

हक्क नसताना पटकथा लिहायला बसू नका. हे कंटाळवाणं आहे म्हणून सगळे शेवटी करतात आणि तिथंच अडकतात. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, तिच्या मांडणीवर असते. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली हेच सांगितलं. 'दिसायला साधी पण हिशेबात पक्की मुलगी' ही कल्पना कुणीही वापरावी. पण तीच पात्रं, तोच क्रम, तीच वळणं घेतलीत तर ती नक्कल ठरते, आणि 'प्रेरित' असं लिहिल्यानं ती माफ होत नाही.

रिमेकचे हक्क बहुधा निर्मिती करणाऱ्या वाहिनीकडं असतात. सुरुवातीला पूर्ण हक्क विकत घेऊ नका, ऑप्शन करार करा. थोडी रक्कम देऊन वर्ष-दीड वर्ष ती मालिका तुमच्यासाठी राखून ठेवली जाते आणि तेवढ्या वेळात तुम्ही वाहिनी किंवा पैसा शोधता. करारात भाषा कोणती, प्रदेश कोणता, टीव्ही का वेब, किती भाग, बदलांना कुणाची मंजुरी लागणार, हे सगळं स्पष्ट हवं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक मेख आहे : हक्क हस्तांतराच्या कागदावर मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. अमेरिकेतल्या मराठी प्रेक्षकाला दाखवायचं असेल तर हे आधीच लिहून घ्यावं लागतं. आणखी एक : तुम्ही नव्यानं घडवलेली पात्रं कुणाची? हा प्रश्न आमच्यातले नव्वद टक्के लेखक विचारतच नाहीत, नि मग हिंदीवाल्यांनी तेच पात्र उचललं की हात चोळत बसतात. तुमचा मसुदा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवून ठेवा.

तीनदा बघा, तिसऱ्यांदा आवाज बंद करून

पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून बघा, वही लांब ठेवा. दुसऱ्यांदा वही घेऊन. तिसऱ्यांदा आवाज बंद : कोण उभं आहे, कोण बसलंय, कोण दाराबाहेर थांबलंय. गोष्टीतली उतरंड शब्दांआधी शरीरात दिसते.

सबटायटलवर मात्र भिस्त ठेवू नका. बोगोतात, म्हणजे कोलंबियाच्या राजधानीत, नवरा-बायको आणि सख्खी माणसंसुद्धा एकमेकांना आदरार्थी 'उस्तेद' म्हणतात, आणि साहेबाला 'दोक्तोर' म्हणायची रीत आहे, तो डॉक्टर नसला तरी. इंग्रजी सबटायटलमध्ये या सगळ्याचं एकच 'यू' होतं. कोण कुणाला कधी काय म्हणतं आणि ते कधी बदलतं, याचा तक्ता स्पॅनिश येणाऱ्या माणसाजवळ बसून करा. मराठीत तर तो सोन्यासारखा उपयोगी पडतो. आपल्याकडं 'तुम्ही'चं 'तू' होणं हा अख्खा एक भाग आहे.

कुलूप शोधा

आता मुद्द्याचं. प्रत्येक तेलेनोव्हेलाला, म्हणजे अशा स्पॅनिश मालिकेला, एक कुलूप असतं : नायिका जाऊ शकत नाही आणि खरं बोलूही शकत नाही, असं काहीतरी. सगळं रडणं-हसणं त्या कुलपावर लटकलेलं असतं. मूळ कुलूप त्या देशाच्या लोखंडाचं असतं. ते तसंच उचलून आणलं तर आपल्या दाराला बसत नाही.

बेत्तीचं कुलूप असं. बेआत्रिस पिन्सोन अर्थशास्त्र शिकलेली आहे, पण 'एकोमोदा' या कपड्यांच्या कंपनीत सेक्रेटरीची जागा पत्करते. संस्थापकाचा मुलगा अर्मांदो अध्यक्ष होतो, भागीदारांना नफ्याची मोठमोठी स्वप्नं दाखवतो आणि तोंडघशी पडतो. तोटा लपवायला बेत्ती ताळेबंदाला मेकअप करते. (जिला लोक मेकअप करत नाही म्हणून हसतात, तीच आकड्यांना रंगवते. गाइतानची ही खोच मला अजून हेवा वाटायला लावते.) मग कंपनी वाचवायला अर्मांदो 'तेरामोदा' नावाची दुसरी कंपनी बेत्तीच्या नावावर काढतो. ही नवी कंपनी एकोमोदाला कर्ज देते आणि तिच्यावर जप्ती आणते, म्हणजे बाहेरचे सावकार लांब राहतात. आता सगळी कंपनी कागदावर बेत्तीच्या मुठीत. तिनं दगा दिला तर? मित्र सल्ला देतो, हिला प्रेमात पाड. पुढं त्या मित्राची सूचनांची चिठ्ठी बेत्तीच्याच हाती लागते.

वहीत तीन पानं करा. पहिल्यावर 'पैसा' : कोण कुणाचं देणं लागतं. दुसऱ्यावर 'सोयरीक' : कोणतं लग्न कोणत्या व्यवहाराला टेकलंय. (अर्मांदोचं अध्यक्षपद त्याच्या वाग्दत्त वधूच्या घरच्या मतांवर उभं आहे.) तिसऱ्यावर 'लाज' : कुणाला कशाची. मूळ मालिकेतली प्रत्येक घटना या तीनपैकी एका पानावर बसली पाहिजे. कुठंच बसत नाही ती भरती, ती सोडून दिली तरी चालते. तीनशेहून जास्त भागांच्या मालिकेत अशी भरती भरपूर निघते.

जालनाच का

फॅशन कंपनी जालन्यात काढता येईल, पण कुणाला खरी वाटणार? फॅशन म्हणजे काय ते बघा : दर हंगामाला नवा माल, एका दिवसावर पणाला लागलेलं वर्ष, नि त्या मालावर अवलंबून असलेली हजारो माणसं. आपल्याकडं याला बियाणं म्हणतात. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी जालन्यात महिको सुरू केली, आणि तेव्हापासून हे गाव बियाण्यांचं म्हणून ओळखलं जातं. तुमची मालिकेतली कंपनी काल्पनिकच ठेवा. नाव, लोगो, पिशवीचा रंग, काहीही खऱ्या कंपनीशी जुळता कामा नये.

आता बघा कसं बसतं. फॅशन शोच्या जागी खरीप. नफ्याच्या हट्टापायी धाकटे शेठ स्वस्तातला सोयाबीनचा लॉट घेतात. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के लागते. हा लॉट त्याच्या खाली. बोगोतात ताळेबंद रंगवला गेला, इथं उगवणीचा अहवाल रंगवला जाईल. आणि त्याचं फळ दुकानात दिसणार नाही, रानात दिसेल. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून किती ओरड झाली ते प्रेक्षकाला आठवतंय, त्याला वेगळं समजावून सांगायची गरजच नाही.

प्रसंगसुद्धा आयते मिळतात. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवडाभर ओल धरून ठेवायची आणि कोंब मोजायचे, ही चाचणी घरोघरी होते. नायिका रात्री स्वयंपाकघरात गोणपाट उलगडते, मोजते : एक्कावन्न, बावन्न... आणि पुढं नाहीच. भाग तिथं थांबवा. पार्श्वसंगीत वाजवू नका, हात जोडतो.

आता दुसऱ्या कंपनीचं कुलूप. इथं आपला कायदा मूळ गोष्टीपेक्षा कडक आहे आणि लेखकाच्या फायद्याचा आहे. बेनामी व्यवहाराच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून १ ते ७ वर्षं सक्तमजुरी होऊ शकते, आणि ज्याचा पैसा आहे त्याच्याइतकाच जिच्या नावावर मालमत्ता आहे तीही गुन्हेगार. म्हणजे शेठनं आपल्या पैशानं शेअर आपल्या नायिकेच्या, सोनालीच्या, नावावर घेतले, की ती बोलली तरी फसते, गप्प बसली तरी फसते. कंपनीवर कर्जवसुलीचा डाव टाकायचा तर २०१६ चाच दिवाळखोरी कायदा आहे. मार्च २०२० पासून त्यासाठी किमान १ कोटीची थकबाकी लागते, नि प्रकरण मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणापुढं जातं. जालन्याची पोरगी पहाटेच्या गाडीनं मुंबईला निघालीय आणि डब्यात समोर शेठचा होणारा सासरा बसलाय, हा प्रसंग माझ्याकडून फुकट घ्या. पण हा भाग लिहिण्याआधी एखाद्या वकिलाला, आणि त्याहून आधी एखाद्या सीएला जेवायला बोलवा. चुकीचा कायदा प्रेक्षक खपवून घेईल, त्याचा सीए झालेला पुतण्या नाही.

'फेआ' कुणाला म्हणायचं

जस्सीला चष्मा आणि दातांना तारा होत्या. २००३ साली ते चाललं. आज मराठवाड्यात दातांना तारा म्हणजे घरी पैसा आहे असा अर्थ होतो, त्या बसवायला खर्च येतो बाबा. चष्मा तर 'शिक्षण'वाल्या लातूरमध्ये मिरवायची वस्तू. तोच वेश उचललात तर विनोदाला काही अर्थच उरणार नाही. गोऱ्या नटीला काळा रंग फासायची कल्पना कुणी मांडली, तर त्या बैठकीतून उठून या.

मग आपल्याकडं पोरीला खाली मान घालायला काय लावतं? मी माझ्या तीन पानांतल्या तिसऱ्या पानावर चार गोष्टी लिहिल्या : बाप मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जायचा, तिशी आली तरी लग्न नाही, रंग सावळा, आणि बोली. त्यातली शेवटची सगळ्यात जास्त कामाची, कारण ती प्रत्येक वाक्यात ऐकू येते. पुण्यात शिकून आलेले शेठचे मित्र तिच्या 'काय करायलाव'वर हसतात, तिथं आमच्या मालिकेतली बेत्ती जन्मते. नाव सोनाली ठेवलं, म्हणजे ऑफिसात कुणीतरी 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणणारच.

याचा परिणाम शेवटावर होतो. मूळ मालिकेत बेत्ती दुखावली जाते, सौंदर्यस्पर्धेच्या दिवसांत कार्ताहेना या समुद्रकाठच्या शहरात जाते, तिथं रूप बदलतं आणि परत येऊन ती कंपनीची अध्यक्ष होते. आपल्याकडं कुरूपता बोलीची असेल, तर कायापालट म्हणजे तिनं पुणेरी बोलायला लागणं होईल. ते केलंत तर गोष्ट मेली. माझं मत ठाम आहे : तिला गोव्याला नेऊ नका, परभणीच्या कृषी विद्यापीठात एखाद्या शास्त्रज्ञ बाईच्या हाताखाली दोन महिने ठेवा. ती परत येईल तेव्हा साडी थोडी बरी असू द्या, पण भागीदारांच्या बैठकीत ती त्याच बोलीत आकडे मांडेल, आणि कुणी हसणार नाही.

मूळ मालिकेत ऑफिसातल्या बेत्तीच्या मैत्रिणींची टोळी आहे, 'कुआर्तेल दे लास फेआस', कुरूपांची छावणी. आपल्याकडं ती शोधायला लांब जावं लागत नाही. संकरित कपाशीच्या बियाण्यासाठी एकेका फुलाचे पुंकेसर हातानं काढून दुसऱ्या फुलाचा पराग लावावा लागतो, 'क्रॉसिंग' म्हणतात त्याला, आणि ते बहुतेक बायाच करतात. या बायांना प्रत्येक लॉटचा जन्म ठाऊक असतो. गुपित फुटायचं तर इथूनच.

बोलीचा हिशेब

मराठवाड्याची बोली म्हणून एकच काहीतरी मिसळ करू नका. लातूर-उदगीरकडं 'करुलालाय', परभणीकडं 'करायलाय', जालन्यात विदर्भाच्या वाऱ्यानं 'काहून' येतं. पात्र कुठल्या गावचं ते आधी ठरवा, मग तोंड उघडू द्या. निजामाच्या राजवटीनं दिलेले शब्द जपा : ठेकेदार नव्हे गुत्तेदार, बाजारपेठ नव्हे मोंढा, रुमाल नव्हे दस्ती. आणि सगळ्यांच्या तोंडी बोली घालू नका. शेठ घरी एक बोलतो, मुंबईच्या फोनवर दुसरं.

म्हणी तर मुळीच भाषांतरित करू नका. बेत्तीचा बाप एर्मेस सतत म्हणतो, 'एल दिआब्लो एस पुएर्को', शब्दशः 'सैतान डुक्कर आहे'. एका होतकरू लेखकानं मला ते तसंच मराठीत लिहून आणून दाखवलं होतं. बापाचा अर्थ एवढाच की मोह कुठून शिरेल सांगता येत नाही, जपून राहा. ऊसतोडीतून पोरीला शिकवलेला बाप काय म्हणेल? मी लिहिलं, "दिवस बरे न्हाईत, माय." लेकीला 'माय' म्हणणारा बाप दिसला की मराठवाड्यातला प्रेक्षक आपोआप सरसावून बसतो. तेच वाक्य चाळीस भागांनंतर लेक बापाला म्हणते, तेव्हा ते वेगळं लागतं.

चिठ्ठीचं काय करायचं? आज कोण चिठ्ठी लिहितं? माझ्या मते व्हॉट्सअॅपवरचा आवाजी मेसेज घ्या. पडद्यावर मोबाइल वाचणारं पात्र कंटाळा आणतं, पण मित्राचं ते हसू ऐकताना नायिकेचा चेहरा बघायला मिळतो.

कुणाला काय ठाऊक

मालिकेची वनलाइन, म्हणजे कोणत्या भागात काय घडतं त्याची थोडक्यात नोंद, लिहिण्याआधी एक मोठा तक्ता करा. आडवी पात्रं, उभे भाग. ज्या भागात ज्याला जे गुपित कळलं तिथं खूण. दहा भागांत एकही नवी खूण नाही, तर तुमचा ट्रॅक झोपलाय. एकाच भागात पाच खुणा, तर तुम्ही घाईत आहात. तेलेनोव्हेला संपण्यासाठी लिहिलेली असते, आपली डेली सोप चालत राहण्यासाठी. हाच मोठा फरक आहे. वाहिनीनं टीआरपी बघून 'अजून शंभर भाग' म्हटलं तर कुलूप उघडल्यानंतर काय, याचं उत्तर तक्त्याच्या शेवटी आधीच लिहून ठेवा. नाहीतर अपघात, स्मृतिभ्रंश आणि जुळी बहीण येतात. वेबवर करत असाल तर बारा-पंधरा मिनिटांचे साठेक भाग पुरेत, आणि पहिले पंधरा लिहून हातात आल्याशिवाय शूटिंग सुरू करू नका.

हक्क परवडले नाहीत तर

बहुतेकांना परवडणार नाहीत. मग मागं जा. स्पॅनिश लेखक बेनितो पेरेस गाल्दोस १९२० साली वारला. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे त्याची मूळ पुस्तकं मोकळी आहेत. नवी भाषांतरं मात्र मोकळी नाहीत, मूळ स्पॅनिशवरूनच काम करा. त्याची 'दोन्या पेर्फेक्ता' ही १८७६ ची कादंबरी मालिकेसाठीच लिहिल्यासारखी आहे : माद्रिदहून शिकलेला इंजिनिअर आडगावी येतो, आत्याच्या मुलीशी लग्न ठरलेलं, आणि धर्मभोळी आत्याच त्याचा घास घेते.

इथं एक सापळा आहे. आपल्याकडं मामाची मुलगी करतात, आत्याची करत नाहीत. तशीच नेलीत तर पहिल्याच भागात घराघरांतून "असं कुठं असतंय का?" निघेल. म्हणून आत्याची मामी करावी लागते. पण मामी रक्ताची नाही, तिचा कावेबाजपणा प्रेक्षक आधीच गृहीत धरतो, धक्का कमी होतो. मग मामा जिवंत ठेवायचा, गप्प, सगळं बघणारा, आणि धक्का त्याच्या गप्प बसण्यात ठेवायचा. नातं एक घर सरकलं की सगळी गोष्ट सरकते, ती अशी.

शूटिंगचं थोडक्यात

एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेरचे प्रसंग ठेवू नका, सकाळी सहा ते दहा एवढंच. नेमके तेच दिवस बियाणं पॅकिंगचे, तेव्हा कारखान्याची खरी गडबड हवी असेल तर परवानगी जानेवारीतच मागा. आवाज जागेवर घेणार असाल तर ग्रेडिंग मशिनच्या वेळा आधी विचारून घ्या.

लिहिलेलं वाचून दाखवा, नटांना नव्हे

पहिले पाच भाग झाले की ज्यांचं ते जगणं आहे त्यांच्यासमोर वाचा. क्रॉसिंगला जाणाऱ्या दोन बाया, कृषी सेवा केंद्रवाला, मोंढ्यातला हमाल. चहा पाजा आणि मध्ये बोलू नका. माझ्या वाचनात हमालानं पहिल्याच पानावर अडवलं : "सोयाबीनचं पोतं असं आपटत न्हाईत, साल पातळ असतंय, उगवण जाती." मी हमालांना पोती फेकताना लिहिलं होतं. ते खोडलं नाही, उलट आता शेठचा माणूसच मुद्दाम पोती आपटायला लावतो.

दुकानदार शेवटपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "तुमचा शेतकरी थेट कंपनीवर चालून जातोय. आधी तालुक्याच्या तक्रार समितीकडं जातंय ते. पंचनामा होतोय. पावती मागत्यात, पिशवीचा टॅग मागत्यात. टॅग न्हाई तर काही न्हाई." मी विचारलं, टॅग कोण ठेवतं? तो हसला. "बायको ठेवती. देव्हाऱ्यात, तांदळाच्या डब्यात, कुठंतरी."

सोळाव्या भागात सोनालीची आई तांदळाचा डबा पालथा करते.